मनोऱ्याचा टेकू

प्रल्हादभाऊ, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. कौसल्यावहिनींना वाटतं, ही बाई दगडाची आहे. दगडाची नाही हो, मी चिडलेली आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. शांत माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, जन्मात कधी आवाज चढवला नाही. मी मागच्या सतरंजीवर बसून मनातल्या मनात म्हणत होते, हेच तर चुकलं या माणसाचं. एकदा, फक्त एकदा आवाज चढवला असता, तर मला आज हे लिहायला बसावं लागलं नसतं.

तुम्हाला माहीत असलेलंच आधी थोडं सांगते, कारण ज्यांना माहीत नाही त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही पडदे रंगवायचात आणि त्या पडद्यांपुढे माणसं उभी करून मी फोटो काढायचे. केळापूरची नवरात्रातली जत्रा, ढाणकीचा बाजार, आणखी कुठले कुठले उरूस. आपली राहुटी लागली की बाहेर पाटी टांगली जायची, 'दिनकर फोटो स्टुडिओ, पांढरकवडा'. दिनकर म्हणजे आमचे हे. ते अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे आणि कॅमेऱ्यामागे मी असायचे, कारण नव्या नवऱ्या आणि त्यांच्या सासवा बाईमाणसासमोर मोकळेपणानं उभ्या राहायच्या. फोटोच्या पाठीवर शिक्का मात्र दिनकर फोटोचाच. याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. निदान वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायचे.

आपल्या भागातल्या किती घरांत तुम्ही जग नेऊन लावलंत! ज्यांनी नागपूर पाहिलं नाही ती माणसं आयफेल टॉवरपुढे खुर्चीत बसली. सोयाबीन काढून आलेला गडी डोक्याचा शेला नीट करून स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी उभा राहिला. पिरॅमिडपुढे मी तीन पिढ्या एकाच फोटोत बसवल्या आहेत. आणि यातलं एकही ठिकाण तुम्ही पाहिलेलं नव्हतं. खताच्या दुकानाचं कॅलेंडर, बिस्किटाचा डबा, कुणाच्या तरी मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातलं बोटभर चित्र, एवढ्यावर तुमचं काम चालायचं. मांजरपाटाचे पट्टे शिवून त्यावर वहिनींनी शिजवलेली खळ चोपडायची, कपडा उन्हात ताणून वाळवायचा आणि मग सरसात कालवलेले पावडरचे रंग. त्या सरसाच्या वासानं माझं डोकं उठायचं आणि मी भांडायला निमित्त शोधायचे. नायगाराच्या वेळी चित्र इतकं लहान होतं की पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं ते कळेना. तुम्ही सरळ एसटी धरून सहस्रकुंडाच्या धबधब्याला गेलात, दोन दिवस तिथल्या खडकावर बसलात आणि परत येऊन नायगारा काढलात. लोक म्हणायचे, काय पाणी आहे अमेरिकेचं! ते पाणी पैनगंगेचं होतं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक.

एक पडदा मात्र तुम्ही मला कधी लावू दिला नाहीत. दीक्षाभूमीचा स्तूप. तो तुम्ही न बघता नाही, दरवर्षी जाऊन, डोळे भरून बघून काढला होता. मी म्हटलं होतं, याच्यापुढे रांग लागेल. तुम्ही म्हणालात, "लागन जी रांग. पण फोटो काढाचा म्हणजे त्याच्याकडे पाठ कराची. थे मले नाही पाह्यवत." मी पुष्कळ वाद घातला. ताजमहालाकडे पाठ चालते, मग इथे काय झालं? तुम्ही हसून पडदा गुंडाळलात आणि घरी नेऊन भिंतीला लावलात, तोंड खोलीकडे करून. तो वाद आपण कधी संपवला नाही. तुमचं बरोबर होतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. बोलायच्या वेळी मी दुसऱ्याच कशावर तरी चिडलेली असायचे.

आता मनोऱ्याकडे येते. सगळा राग तिथेच आहे.

पिसाचा मनोरा आपल्याला खताच्या कॅलेंडरवर मिळाला. ते कॅलेंडर दुकानात एका खिळ्याला लटकलेलं, अर्धं फाटलेलं. त्यातली इमारत तिरपी. आपण दोघांनी मान वाकडी करून पाहिलं आणि ठरवलं की छापणाऱ्यानं कागद तिरपा घातला असणार. मग तुम्ही शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मागून आणलात. दोरीचं वरचं टोक मी धरलं होतं, शिडीवर चढून, हे मी विसरलेले नाही. ओळंबा लावून तुम्ही पिसाचा मनोरा असा सरळ उभा केलात की आपल्या तहसील कचेरीची भिंतही तितकी सरळ नसेल. वर्षभर लोकांनी त्याच्यापुढे फोटो काढले. मग केळापूरच्या जत्रेत एक मास्तर आले, बायकोला खुर्चीत बसवलं, पडद्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागले.

"पेंटर, हा मनोरा तिरपा असते ना. तिरपा हाय म्हणून तं जगातले लोक पाहाले जाते."

तुम्ही ब्रश कानामागे खोचून म्हणालात, "तिरपा बांधला, अन् वरून पाहाले बी जाते? आमच्या वस्तीत असल्या भिंती लय हायेत गुरुजी. कोणी नाही येत पाहाले."

पण चूक ती चूक. पुढच्या वर्षी तुम्ही नवा पडदा केलात आणि त्यात मनोरा चांगला कलता काढलात. जत्रेचा पहिला दिवस. काळ्या कापडाखाली डोकं घालून मी काचेवर पाहिलं. त्या जुन्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसायचं, माणसांचे पाय वर आणि डोकी खाली. तसंच उलटं, कोपऱ्यात, मनोऱ्याच्या बुडाशी काहीतरी लिहिलेलं दिसलं. बारीक काळी अक्षरं. मी तिथूनच, कापडाच्या आतूनच ओरडले.

"भाऊ, थे नाव काढा आधी. लोक स्वतःचा फोटो काढाले येते, तुमच्या नावाचा नाही!"

"बारीक हाय जी. दिसत बी नाही."

"मले दिसलं म्हणजे फोटोत येते. जुन्या पडद्यायवर कधी लिहिलं होतं काय तुम्ही? मंग आताच काहून?"

तुम्ही काहीतरी बोलणार होतात. इतक्यात एक सासू नव्या सुनेचा हात धरून राहुटीत आली, मनोऱ्याकडे पाहिलं आणि दारातच थांबली. "माय व! हे तं पडून राह्यलं. पडत्या घराखाली उभी करू काय नव्या नवरीले?" मी तिला समजावलं, परदेशात हे असंच असतं, नावाजलेलं आहे. ती म्हणाली, परदेशात असेल, माझ्या घरात सून नवी आहे. आणि गेली. पाठोपाठ दुसरी गेली. त्या सकाळी मनोऱ्यापुढे एकही माणूस उभं राहिलं नाही आणि मी तुमच्यावर आग पाखडत बसले.

तुम्ही वाटीत तपकिरी रंग कालवलात आणि कुडाच्या कललेल्या भिंतीला आपल्याकडे सागाचा दांडका लावतात ना, तसा एक जाडजूड टेकू त्या मनोऱ्याला लावून दिलात. त्याचा खालचा बुंधा अगदी त्या अक्षरांवर आला. एका दांडक्यात दोन्ही कामं. मला वाटलं, वा, हुशार माणूस आहे, आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. दुपारी तीच सासू परत आली. तिनं तो रंगवलेला टेकू हातानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "आता बरं हाय. उभी राह्य व पोरी."

पुढची वीस-बावीस वर्षं लोक येऊन विचारायचे, टेकूवाला मनोरा आहे का. ताजमहालापेक्षा त्याला जास्त मागणी होती. नवरानवरीला तर तोच हवा असायचा. पडत्याला कुणीतरी धरून ठेवलंय, हे चित्र लग्नाच्या फोटोला बरं दिसायचं, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात.

मग मोबाइल आले आणि पडदे गुंडाळले गेले. आमचे हे गेले. तुम्ही दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे रंगवत राहिलात. मुलानं मला आग्रा दाखवायला नेलं, तेव्हा तुमच्याकरता तिथला एक छोटा संगमरवरी ताजमहाल आणला होता. तुम्ही तो हातात फिरवत विचारलंत, "कसा हाय जी खरा?" आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "तुमचे मिनार आखूड होते." तुम्ही तो खाली ठेवून विचारलंत, "किती आखूड?" दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या अंगणात शिडी लागलेली आणि पडदा ताणलेला, आणि गुडघे दुखत असताना तुम्ही वर चढून मिनार वाढवताय. त्या पडद्यापुढे आता कुणी उभं राहणार नव्हतं. तरी तुम्ही चारही मिनार वाढवलेत.

भाऊ, मिनार आखूड नव्हते. मी मोजलेही नव्हते. खरं सांगायचं तर आग्र्याला मला काही दिसलंच नाही. चारी बाजूंनी माणसं, प्रत्येकाचा हात वर, घुमटाला चिमटीत धरून फोटो. मला सारखं वाटत होतं की इथे मी आले आणि ज्यानं मला हे आधी दाखवलं तो घरी पाट्या रंगवतोय. त्याची लाज वाटली, म्हणून मी तुमची खोड काढली. माझा स्वभावच असा मेला. तुमचा ताजमहाल मला जास्त आवडतो, हे वाक्य जिभेवर आलं होतं आणि मी गिळून टाकलं.

मग या वर्षी ते उद्यान निघालं. यवतमाळच्या टोकाला, लोहाऱ्याकडे जाताना. जगातली नावाजलेली ठिकाणं एकाच जागी, सिमेंटची, रात्री दिवे लागणारी, सेल्फी काढायला. तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंत आणि लहान पोरासारखे माझ्या मागे लागलात. गुडघे, धाप, डॉक्टरनं सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून आपण एसटीनं गेलो. मी मनात म्हणत होते, सिमेंटचे ठोकळे बघायला एवढा आटापिटा कशाला.

आणि तिथे, पिरॅमिडच्या पलीकडे, पिसाचा मनोरा उभा होता. कलता. आणि त्याला सिमेंटचा टेकू. तपकिरी रंगवलेला, सागाच्या लाकडासारखा, त्याच बाजूनं, त्याच तिरपीत. बुंध्याशी तुम्ही काढली होती तशीच जाड गाठसुद्धा.

जगाच्या पाठीवर पिसाच्या मनोऱ्याला टेकू लावणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या शेजारी उभा होता. कुणाच्या तरी घरातला मी काढलेला फोटो, आईबापांच्या लग्नाचा, भिंतीवरून उतरवून उद्यानवाल्यांनी कारागिरासमोर ठेवला असणार. तुमचा पडदा, माझा फोटो आणि बाहेर संगमरवरी पाटीवर दहा-बारा नावं. उद्घाटन करणारा, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सगळे. तुमचं नाव कुठेच नाही.

तुम्ही पुढे गेलात आणि टेकूवर हात ठेवलात. लगेच शिट्टी वाजली. "ओ काका! हात लावू नका. लिहेल दिसत नाही काय?" तुम्ही हात काढलात आणि म्हणालात, "बरं बाबा." बरं बाबा! मी त्या रखवालदाराच्या अंगावर जाणार होते. तुम्ही माझा पदर धरून मागे ओढलंत आणि हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात.

"सुमनबाई, टेकू बी केला ना व यायनं!"

"हसता काय? चोरी हाय ही. चला, आताच साहेबाले भेटू. नाव लावाले सांगू."

"राहू द्या. सिमिटाचा झाला आता. पाण्या-पावसानं जात नाही."

"अन् नाव?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. डोळ्यांत हसू होतं, टोचणारं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. "नाव कायले जी? फोटोत येते."

परतीच्या एसटीत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, मी रखवालदारावर चिडले आहे. मी तुमच्यावर चिडले होते, की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं माझं वाक्य तुम्ही इतकं जपून ठेवलं होतं. नंतर दोनदा तुमच्या घरावरून गेले, आत आले नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा अंगणात लोक जमले होते.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी मी अर्ज लिहिला. वहिनी नको म्हणत होत्या. मी म्हटलं, ते नको म्हणायचे आणि तुम्हीही नको म्हणता, मग हो म्हणायचं कुणी? उद्यानाचं काम ज्या कार्यालयाकडे आहे तिथे जाऊन मी दोन तास बाकावर बसले. माझी मागणी एवढीच होती की मनोऱ्याजवळ वीतभर पाटी लावा, मूळ चित्र प्रल्हाद पेंटर यांचं, बस. साहेब तरुण होता, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांशी भांडता येत नाही, त्याचा मला फार राग येतो.

"कोण प्रल्हाद, काकू? डिझाइन तं नेटवरून घेतलं आहे आम्ही."

"नेटवरच्या मनोऱ्याले टेकू हाय काय? पाहा बरं."

त्यानं मोबाइल काढला. एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, बोटांनी मोठं करून तिसरं पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. मी खुर्चीत सरसावून बसले. म्हटलं, सापडला आता. त्यानं कुणाला तरी फोन लावला. "अरे, त्या पिसाले खालून काय लावून ठेवलं तुम्ही? कोणी पाह्यलं नाही काय?" मग फोन ठेवून माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला, "बरं झालं काकू, तुम्ही लक्षात आणून दिलं. चूक आहे ती. उद्याच दुरुस्त करून घेतो. चहा घेणार?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. ओरडले असणार, कारण बाहेरचा शिपाई आत डोकावला. चूक नाही ती, सही आहे, असं मी म्हणाले बहुतेक. साहेब मान हलवत राहिला. चार दिवसांनी जाऊन पाहिलं तर टेकू नव्हता. तिथे ओल्या सिमेंटचा एक थापा होता आणि मनोरा नेटवरच्यासारखा झाला होता. तुमच्या डोक्यातून निघालेली, या जगात उघड्यावर उभी असलेली एकच खूण होती, आणि ती मी अर्ज देऊन पाडून घेतली.

मग मी पडद्याच्या मागे लागले. मूळ पडदा माझ्या माळ्यावर होता, बांबूला गुंडाळून जुन्या लुगड्यात बांधलेला. म्हटलं, तो नेऊन साहेबाच्या टेबलावर उलगडते, मग बघू चूक कुणाची ते. वहिनींना बोलावलं. दोघींनी मिळून अंगणात पसरला. मनोरा तसाच होता, आभाळ थोडं पिवळं पडलेलं. खालच्या कोपऱ्यात मात्र उंदरांनी घाण करून ठेवलेली. मी फडकं ओलं करून ती जागा पुसायला घेतली. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काम करून एवढी अक्कल मला हवी होती की पावडरचा रंग पाण्यानं निघतो. फडक्यावर तपकिरी उतरलं. मी घाबरून आणखी टिपायला गेले आणि आणखी उतरलं. टेकूचा बुंधाच गेला. त्यांनी एक हातोड्यानं फोडला आणि दुसरा मी पुसला. मी स्वतःला शिव्या घालायला सुरुवात केली, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा जी. खाली काही लिहेल हाय."

ती अक्षरं तेलरंगात होती. दुकानाच्या पाट्यांना वापरायचात तो काळा रंग. त्याला पाणी काही करू शकलं नव्हतं. मी ती अक्षरं एकदाच पाहिली होती, काचेवर, उलटी, आणि वाचली नव्हती. वाचायची गरजच मला वाटली नव्हती. नाव म्हणजे तुमचंच असणार, दुसऱ्या कुणाचं असणार?

'पडदा – प्रल्हाद. फोटो – सुमनबाई.'

मी ते मोठ्यानं वाचलं. वहिनींना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "मले सांगतलं होतं त्यायनं तवा. म्हने, बाईचं नाव कुठीच नसते, शिक्का बी नवऱ्याचा. म्हने, आपून लिहू. मंग म्हने, बाई चिडली."

"मले काहून नाही सांगतलं तुम्ही? इतकी वर्षं?"

"तुम्ही कधी चूप बसल्या असत्या तं सांगतलं असतं ना जी."

भाऊ, आमच्या लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव मी कुठे छापलेलं पाहिलं नव्हतं. हजारो माणसं माझ्या हातून फोटोत गेली आणि एकाच्याही पाठीवर मी नव्हते. ते तुम्हाला दिसलं. दिसलं आणि तुम्ही ते गाजावाजा न करता मनोऱ्याच्या पायाशी लिहून टाकलंत. आणि मी कापडाखालून ओरडून माझंच नाव तुमच्या हातानं बुजवलं. तुम्ही नुसतं म्हणायचं होतंत, जी, तुमचंही आहे. एवढं एक वाक्य! त्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. आणि त्या दिवशी तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा मी गप्प बसले नाही, त्यासाठी स्वतःलाही करणार नाही.

साहेबाकडे मी गेले नाही. त्याला दाखवून काय होणार? तो म्हणेल, बरं झालं लक्षात आणून दिलं.

काल रविवार होता. मी आणि वहिनी पडदा घेऊन उद्यानावर गेलो. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, दोन बांबू रोवले आणि पडदा ताणून बांधला. पिसाचा मनोरा, वरचा अर्धा टेकू आणि खाली दोन नावं. तोच रखवालदार शिट्टी वाजवत आला. "काकू, इथं काही बांधाचं नाही," म्हणत त्यानं पडद्याला हात घातला.

"हात लावू नको," मी म्हटलं. "रंग निघते."

माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं हात मागे घेतला. थोडा वेळ उभा राहून चित्राकडे बघत राहिला, मग आतल्या मनोऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

माणसं येत होती, बघत होती, पुढे जात होती. मग एक म्हातारं जोडपं आलं, ढाणकीचं, नातवंडांबरोबर उद्यान पाहायला निघालेलं. म्हातारी चालता चालता थबकली. "अवो, हा तं आपल्या घरचा मनोरा हाय." म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पाहिलं. "हाय ना. पण याचा टेकू अर्धा कुठी गेला?" मी म्हटलं, टेकूखाली काय होतं ते पाहा. म्हातारीनं वाकून बोट ठेवून ठेवून वाचलं आणि विचारलं, सुमनबाई कोण? वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

ती दोघं फोटोला उभी राहिली. सांगावं लागलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि त्यानं हात मागे बांधले, अगदी जत्रेत उभे राहायचे तसे. मी मोबाइल डोळ्यासमोर धरला. यात सगळं सरळ दिसतं, भाऊ. म्हाताऱ्याचं धोतर नेमकं कोपऱ्यावर येत होतं.

"बाबा, जराक इकडे सरका," मी म्हणाले. "खालचं नाव झाकून राह्यलं."